डायरेक्ट इंजेक्शन गाडीच्या इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन: ओळखायचा कसा, काढायचा कसा

टर्बो पेट्रोल गाड्या आता गल्लोगल्ली दिसतात आणि त्यातल्या बऱ्याच डायरेक्ट इंजेक्शनवाल्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवणाऱ्या असतात. पन्नास हजार किलोमीटरच्या पुढे कधीतरी यातल्या काही गाड्या सकाळी थंड असताना थरथरायला लागतात, पिकअप आधीसारखा वाटत नाही, आणि गॅरेजला नेलं की ऐकायला मिळतं "कार्बन झालाय, डीकार्ब करून टाकू". आता कार्बन खरंच झालाय का, झाला असेल तर कुठे झालाय, आणि ते जे काय मारणार आहेत ते त्या जागेपर्यंत पोचतं का, हे तीन प्रश्न कोणी विचारत नाही आणि पैसे देऊन मोकळे होतात. म्हणून नवीन लोकांसाठी सगळं क्रमाने लिहितोय, आधी तपासणी आणि मग सफाई. हा क्रम उलटा करू नका.

आधी बघा, तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे का

हे गाडीच्या नावावरून नाही, इंजिनच्या नावावरून कळतं. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ घ्या, एका इंजिनचं नाव टीसीएमपीएफआय आणि दुसऱ्याचं टीजीडीआय, दोन्ही १.२ टर्बोच, पण पहिल्यात पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये उडतं (म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या इनटेक व्हॉल्व्हच्या अलीकडे) आणि दुसऱ्यात थेट सिलिंडरमध्ये. ह्युंदाई व्हर्नाचं तसंच, १.५ एमपीआय वेगळं आणि १.५ टर्बो जीडीआय वेगळं. स्कोडा-फोक्सवॅगनची टीएसआय इंजिनं (स्लाव्हिया, कुशाक, टायगुन, व्हर्टस, आधीची पोलो जीटी टीएसआय) सगळी डायरेक्ट इंजेक्शनची. फोर्ड इकोस्पोर्टचं १.०चं इकोबूस्ट, मारुतीचं बलेनो आरएस आणि फ्रॉन्क्समधलं १.० बूस्टरजेट, थार आणि एक्सयूव्ही७००चं २.० एमस्टॅलियन हेही त्याच पंगतीतले. उलट टाटा नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल हे टर्बो असूनही एमपीएफआय, म्हणजे पोर्ट इंजेक्शनचं आहे, आणि मारुतीच्या बाकीच्या नेहमीच्या पेट्रोल गाड्याही पोर्ट इंजेक्शनच्याच. ड्युअलजेट नाव वाचून गोंधळू नका, त्यात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर असतात पण दोन्ही पोर्टमध्येच.

तुमची गाडी एमपीएफआय असेल तर हा लेख तुमच्यासाठी जवळजवळ इथेच संपतो. तुमच्या व्हॉल्व्हवर पेट्रोल रोज पडतंय आणि ते धुतंय. दर सर्व्हिसला डीकार्बचा आग्रह होत असेल तर सरळ नाही म्हणा.

कार्बन येतो कुठून

लोकांना वाटतं खराब पेट्रोलमुळे होतं. इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूचा कार्बन पेट्रोलमधून नाही, मुख्यतः इंजिन ऑईलमधून येतो. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून जळालेला गॅस थोडा थोडा खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या तळाच्या, ऑईल असलेल्या भागात) निसटतच असतो, नव्या इंजिनमध्ये सुद्धा. याला ब्लो-बाय म्हणतात. तो आत कोंडून ठेवता येत नाही, सील फुटतील, आणि बाहेर हवेत सोडायला प्रदूषणाचे नियम परवानगी देत नाहीत, म्हणून पीसीव्ही नावाच्या व्यवस्थेतून तो परत इनटेकमध्ये ओढून जाळला जातो. जाताना तो सोबत ऑईलची वाफ आणि बारीक थेंब घेऊन जातो. ते थेंब व्हॉल्व्हच्या तापलेल्या मानेवर बसतात आणि भाजून घट्ट होतात. त्यात भर म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात तेव्हा जळका गॅस मागे इनटेककडे सरकतो, काही इंजिनांत ईजीआर (जळका गॅस मुद्दाम परत इनटेकमध्ये सोडणारी व्यवस्था) असतो, तोही काजळी आणतो. व्हॉल्व्ह स्टेमचं सील म्हातारं झालं असेल तर वरूनही ऑईल झिरपतं.

पोर्ट इंजेक्शनमध्ये हे सगळं होतंच, फक्त तिथे तीन-चार बार प्रेशरने पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर उडत राहतं, आणि पेट्रोलमध्ये डिटर्जंट असतं, त्यामुळे थर जाड व्हायला वेळच मिळत नाही. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये दीडशे-दोनशे बार, नवीन इंजिनांत साडेतीनशे बारपर्यंत प्रेशरने पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा थेंबही लागत नाही.

ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात. टाकीत ओतायची इंजेक्टर क्लीनरची बाटली? इंजेक्टरच्या तोंडासाठी आणि पिस्टनच्या माथ्यासाठी चांगली, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीसाठी काही नाही. प्रीमियम पेट्रोल? तेच उत्तर. ई२० आल्यापासून कार्बन वाढला किंवा कमी झाला असं सांगणारेही भेटतात, पण जे पेट्रोल त्या जागी पोचतच नाही ते तिथे थेट ना घाण करू शकतं ना सफाई. हायवेवर गाडी ताणली की कार्बन उडून जातो म्हणतात, त्यात ज्वलन कक्षापुरतं तथ्य आहे, व्हॉल्व्हवर एकदा कडक झालेला थर त्याने निघत नाही.

कंपन्यांना हा प्रश्न ठाऊक आहे. मित्सुबिशीने १९९६ मध्ये गॅलंटमध्ये जीडीआय आणलं तिथून आधुनिक डायरेक्ट इंजेक्शनचा काळ सुरू झाला असं धरतात, आणि पुढे ऑडीची एफएसआय, बीएमडब्ल्यूचं एन५४ ही इंजिनं याच कार्बनसाठी जगभर बदनाम झाली. टोयोटाने डी-४एस मध्ये दोन्ही प्रकारचे इंजेक्टर बसवले, फोर्डने २०१७ च्या एफ-१५० मधल्या ३.५ इकोबूस्टला पोर्ट इंजेक्टर जोडून दिले. ज्या इंजिनात दोन्ही इंजेक्टर आहेत त्याला हा त्रास फार कमी. आपल्याकडच्या छोट्या टर्बो इंजिनांत बहुतेक ठिकाणी एकच, थेट सिलिंडरमधला.

लक्षणं

सगळ्यात नेहमीचं लक्षण म्हणजे सकाळची पहिली सुरुवात. सेल्फ मारला, इंजिन चालू झालं, आणि पहिला मिनिटभर गाडी मिसिंग करते, स्टिअरिंग आणि सीट थरथरते, आणि गरम झाली की जणू काही झालंच नव्हतं. कारण असं की थंड असताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा भाग) लवकर तापवायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्पार्क मुद्दाम उशिरा देतं, तेव्हा ज्वलन तसंच काठावर असतं, आणि त्यात हवेच्या वाटेत खडबडीत थर आला की एखादा सिलिंडर चुकतो.

नंतर चेक इंजिन लाईट लागते. स्कॅनरवर कोड येतो पी०३०० म्हणजे कुठलाही सिलिंडर चुकतोय, किंवा पी०३०१, पी०३०२ असं, शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर. वरच्या आरपीएमला दम कमी पडणं, ओव्हरटेक करताना गाडी अडखळणं, अ‍ॅव्हरेज घसरणं, हेही होतं पण इतकं हळूहळू की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. टर्बो गाडीत तर अजून उशिरा कळतं, कारण वाट अरुंद झाली तरी टर्बो जास्त दाब देऊन भरून काढतो.

एक गोष्ट आत्ताच सांगतो. लाईट नुसती लागून राहिली तर गाडी तपासायला न्या, पण लाईट *लुकलुकत* असेल आणि इंजिन थरथरत असेल तर रेस सोडा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो वितळतो. त्याच्या खर्चापुढे व्हॉल्व्हची सफाई काहीच नाही.

कार्बनवर आळ घेण्याआधी

वरची सगळी लक्षणं इतर डझनभर कारणांनी येतात, आणि ती कारणं तपासायला सोपी, दुरुस्तीला स्वस्त. म्हणून हा क्रम पाळा.

ब्लूटूथवाला साधा ओबीडी स्कॅनर घ्या, फोनवर अ‍ॅप टाका, कोड वाचा आणि लिहून ठेवा. पुसू नका लगेच. समजा पी०३०२ आलाय. आता इंजिन थंड असताना दुसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल काढून तिसऱ्यावर लावा आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसा, दोन-तीन सकाळ गाडी चालवा. कोड आता पी०३०३ झाला तर कॉइल गेलीय, नवीन घाला, काम संपलं. कोड पी०३०२ वरच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा. प्लग बाहेर काढलाय तर नीट बघा पण, गॅप वाढलाय का, पोर्सलीनला तडा आहे का, ऑईलने ओला आहे का. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन गाडीत प्लग लवकर थकतात आणि मालक तेच प्लग वर्षानुवर्षं चालवतात, मिसिंगचं कारण कितीतरी वेळा एवढंच निघतं.

त्यानंतर हवेची गळती. अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतंय किंवा घटवतंय तो आकडा) बघा, आयडलला तो चांगलाच प्लसमध्ये असेल आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असेल तर कुठूनतरी चोरून हवा येतेय, होज किंवा पीसीव्हीचा पडदा फाटलेला असू शकतो. इंजिन चालू असताना ऑईल भरायचं झाकण हलकेच उचलून बघा, नेहमीपेक्षा फार जोरात चिकटून बसलं असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पीसीव्हीकडे बोट दाखवा. हे तपासणं दुहेरी महत्त्वाचं, कारण पीसीव्ही खराब असेल तर साफ केलेल्या व्हॉल्व्हवर पुन्हा भराभर ऑईल बसणार.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजणं. सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, एखादा फारच खाली असेल तर प्रश्न रिंगचा किंवा व्हॉल्व्ह नीट न बसण्याचा, ती वेगळी कहाणी. इंजेक्टर शेवटी, कारण डायरेक्ट इंजेक्शनचा इंजेक्टर काढणं हे नवशिक्याचं काम नाही.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि थंड सुरुवातीचं मिसिंग अजून आहेच, तर आता कार्बनचा संशय धरायला जागा आहे.

डोळ्यांनी बघा

फोनला जोडायचा बोअरस्कोप, म्हणजे लांब वायरवरचा बारीक कॅमेरा, ऑनलाईन सहज मिळतो. पण तो कुठून घालायचा यात बहुतेक लोक फसतात. प्लगच्या भोकातून घातला तर पिस्टनचा माथा दिसतो आणि व्हॉल्व्हचा *खालचा* चेहरा, जो ज्वलन कक्षाकडे असतो. आपल्याला बघायचीय पाठ, जी पोर्टच्या बाजूला असते, आणि ती प्लगच्या भोकातून दिसत नाही. गॅरेजवाल्याने प्लगच्या भोकातला काळा पिस्टन दाखवून "बघा किती कार्बन" म्हटलं तर तो फोटो इनटेक व्हॉल्व्हबद्दल काहीच सांगत नाही. माथ्यावर थोडा काळा थर सगळ्याच इंजिनांत असतो.

पाठ बघायची म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाईपच्या) बाजूने जायचं. काही इंजिनांत थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त सोडणारी झडप) काढून तिथून बारीक कॅमेरा सारता येतो. फोक्सवॅगन ग्रुपच्या ईए२११ मालिकेतल्या बऱ्याच टीएसआय इंजिनांत ते जमत नाही कारण इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारा भाग) मॅनिफोल्डच्या आतच बसवलाय, कॅमेरा त्याच्या पत्र्यांना अडतो. तिथे मॅनिफोल्ड उतरवूनच बघावं लागतं, आणि त्याला कूलंटचे पाईप जोडलेले असतात हेही आधीच लक्षात घ्या.

काय दिसलं तर काय समजायचं? व्हॉल्व्हच्या मानेवर तपकिरी-काळसर पातळ चकाकी, हात लावला तर ओलसर, हे चालतं, परत झाकून ठेवा. जळक्या तव्याला बसतात तशी काळी खडबडीत ढेकळं, स्टेमच्या भोवती गोळा झालेली, आणि पोर्टमधून आत बघताना व्हॉल्व्हचा गोलवा कुठे संपतो तेच कळत नाही, असं असेल तर सफाईची वेळ झाली. एकाच सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हमध्येही खूप फरक दिसतो कधी कधी, त्यामुळे एक बघून थांबू नका. तीन सिलिंडरच्या गाडीत बहुतेक सहा इनटेक व्हॉल्व्ह असतात, चारच्या गाडीत आठ, सगळ्यांचे फोटो घ्या.

कुठली सफाई

तीन रस्ते आहेत आणि तिन्ही एकाच दर्जाचे नाहीत.

पहिला, इनटेक व्हॉल्व्ह क्लीनरचा स्प्रे. इंजिन गरम करून, दोन हजारच्या आसपास आरपीएम धरून, थ्रॉटल बॉडीजवळून छोट्या छोट्या फवाऱ्यांनी मारायचा, मग इंजिन बंद करून तासभर मुरू द्यायचं आणि नंतर हायवेवर फेरी. डब्यावरची कृती जशी लिहिलीय तशीच करा. टर्बो गाडीत एअर फिल्टरच्या डब्यातून मारू नका, एअरफ्लो सेन्सर खराब होतो आणि टर्बोच्या पंख्यावर थेंब आदळतात, इंटरकूलरच्या *पुढे*, थ्रॉटलजवळच मारायचा. आणि एकदम भरपूर मारू नका, द्रव दाबला जात नाही, सिलिंडरमध्ये साचला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. माझं मत असं की गाडी नवी असल्यापासून अधूनमधून वापरला तर याचा उपयोग आहे, पातळ थर मऊ होतो. जाड ढेकळं झाल्यावर यावर भरवसा ठेवू नका, आणि मोठा तुकडा सुटून टर्बिनवर जाण्याची भीती असते ती वेगळीच.

सर्व्हिस सेंटरवर जे डीकार्ब म्हणून विकतात, फेस मारून किंवा हायड्रोजनचं मशीन लावून, त्याबद्दल एकच मागणी करा, व्हॉल्व्हच्या *पाठीचा* आधीचा आणि नंतरचा फोटो. मला आजवर दाखवलेले फोटो एकतर पिस्टनचे होते नाहीतर थ्रॉटल बॉडीचे. फोटो देत नसतील तर पैसे देऊ नका, एवढं साधं ठेवा.

दुसरा रस्ता अक्रोड ब्लास्टिंग. अक्रोडाच्या टरफलांचा कोरडा भुगा कॉम्प्रेसरच्या हवेने व्हॉल्व्हवर मारतात आणि त्याच वेळी बाजूने व्हॅक्यूम लावून ओढून घेतात. टरफल कार्बनपेक्षा कडक पण व्हॉल्व्हच्या स्टीलपेक्षा मऊ, त्यामुळे कार्बन उडतो आणि धातूला ओरखडा येत नाही. वाळू किंवा काचेचा भुगा *कधीही* नाही, एक कण आत राहिला की सिलिंडरच्या भिंतीवर रेघ. मोठ्या शहरांत जर्मन गाड्यांचं काम करणाऱ्या स्पेशालिस्ट गॅरेजमध्ये ही सोय शोधा आणि विचारा की तुमच्या इंजिनच्या पोर्टला बसणारा अ‍ॅडॅप्टर आहे का. अ‍ॅडॅप्टरशिवाय करणारा माणूस भुगा सगळीकडे पसरवणार. नीट केलं तर हाच सगळ्यात चांगला उपाय.

तिसरा, हाताने. वेळखाऊ, पण घरी होण्यासारखं, आणि कुठल्याही चांगल्या मेकॅनिककडून करून घेता येतं.

हाताने करायचं तर

गाडी वॉरंटीत असेल तर हे घरी करू नका, कंपनीत तक्रार लिहून द्या. वॉरंटी संपलेली असेल आणि पाने चालवायची सवय असेल तर दोन मोकळे दिवस ठेवा. तुमच्या इंजिनचं सर्व्हिस मॅन्युअल आधी मिळवा, कारण बोल्टचा टॉर्क, कुठलं पॅकिंग नवीनच घालायचं, कुठला पाईप एकदाच वापरायचा, हे इंजिनागणिक बदलतं.

सामान: सॉकेटचा सेट, छोट्या रेंजचा टॉर्क पाना, मॅनिफोल्डचं नवीन पॅकिंग, कार्ब क्लीनर किंवा तसलं सॉल्व्हंट, नायलॉनचे आणि पितळेचे छोटे ब्रश, प्लास्टिकची किंवा पितळेची खरवडणी, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा वाकडा आकडा, लांब नळी लावलेली सिरिंज, धागे न सुटणारी फडकी, डोक्याला बांधायचा दिवा, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा. ड्रिलला लावायचा स्टीलचा वायर ब्रश घरीच राहू द्या, त्याच्या तारा तुटतात आणि कुठे पडतात ते दिसत नाही.

रात्रभर इंजिन गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. हाय प्रेशर पेट्रोल लाईनला हात लावायची गरजच पडणार नाही असं आधी बघा, बऱ्याच इंजिनांत रेल आणि इंजेक्टर हेडलाच राहतात आणि मॅनिफोल्ड वेगळा उतरतो. पण काहींमध्ये, फोक्सवॅगन ग्रुपच्या ईए८८८ इंजिनच्या जुन्या पिढ्या हे उदाहरण, मॅनिफोल्ड ओढताना इंजेक्टर सोबत बाहेर सरकतात, आणि एकदा सरकले की त्यांची टेफ्लॉनची सील बदलावीच लागतात. तुमचं इंजिन तसलं असेल किंवा हाय प्रेशर लाईन खोलावीच लागणार असेल तर काम जाणकाराकडे द्या. शे-दीडशे बारचा पेट्रोलचा फवारा कातडीत घुसतो.

प्रत्येक कनेक्टर काढायच्या आधी फोटो, होजवर मास्किंग टेप लावून नंबर, बोल्ट वेगवेगळ्या पिशवीत. मॅनिफोल्ड निघाला की लगेच सगळ्या पोर्टमध्ये स्वच्छ फडकी कोंबा. मोजून कोंबा आणि आकडा लिहून ठेवा, बाहेर काढताना तेवढीच निघाली पाहिजेत.

आता या कामाचा जीव, *व्हॉल्व्ह बंद आहे का*. ज्या सिलिंडरवर काम करताय त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद असले पाहिजेत, नाहीतर खरवडलेला सगळा कार्बन आणि सॉल्व्हंट सरळ सिलिंडरमध्ये. गाडी न्यूट्रलला घ्या, चाकांना दगड लावा, सगळे प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल, आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. उलटं फिरवू नका, टायमिंग चेन किंवा बेल्टचा ताण सुटतो. एका सिलिंडरवरून फायरिंग ऑर्डरमधल्या पुढच्यावर जायला चार सिलिंडरच्या गाडीत क्रँक १८० अंश फिरवावा लागतो, तीन सिलिंडरच्या गाडीत २४० अंश. चारच्या गाडीत क्रम बहुतेक १-३-४-२ असतो. अगदी अंशाअंशाने मोजत बसायची गरज नाही, इनटेक व्हॉल्व्ह एकूण चक्राच्या निम्म्याहून जास्त वेळ बंदच असतो, त्यामुळे जागा भरपूर मिळते.

दिवा मारून आत बघा, बंद व्हॉल्व्हच्या कडेने फट दिसत नाही. जाड कार्बनमुळे खात्री होत नसेल तर सिरिंजने चमचाभर सॉल्व्हंट पोर्टमध्ये सोडा आणि पाच मिनिटं थांबा. पातळी तशीच राहिली तर बंद. खाली गेली तर क्रँक थोडा फिरवून पुन्हा बघा.

बंद असल्याची खात्री झाली की व्हॉल्व्हची पाठ बुडेल एवढं सॉल्व्हंट भरा आणि मुरू द्या. घाई इथे करू नका, दोन-तीन तासांनी वरचा थर चिखलासारखा मऊ होतो, आतला अजून कडकच असतो. ब्रशने घासा, आकड्याने स्टेमच्या मागची ढेकळं मोकळी करा, काळं पाणी सिरिंजने ओढून काढा, फडक्याने टिपा, परत ताजं भरा. दोन-तीन फेऱ्या तरी लागतात, मागच्या बाजूला जिथे दिसत नाही तिथे जास्तच. स्टेमवर स्टीलचं काही घासू नका, ती गुळगुळीत पृष्ठभागाची दांडी गाइडमध्ये वरखाली होते.

सॉल्व्हंट असताना घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही. त्याच्या मोटारीत ठिणगी पडते आणि वाफ पेट घेते. सिरिंज आणि फडकं, शेवटी सगळं पूर्ण कोरडं झाल्यावर उरलेले कोरडे कण ओढायला हवा तर व्हॅक्यूम. काम उघड्यावर करा, बंद पार्किंगमध्ये नाही, आणि जवळ कोणाला सिगारेट ओढू देऊ नका.

चुकून तुकडा सिलिंडरमध्ये गेलाच तर इंजिन अजिबात फिरवू नका. आत सॉल्व्हंट गेलं असेल तर आधी ते सिरिंजने ओढा आणि सुकू द्या, मग प्लगच्या भोकातून बारीक नळी लावून व्हॅक्यूमने तुकडा ओढा आणि बोअरस्कोपने तळ तपासा. बारीक काजळीचं काही नाही, ती जळून जाते. कडक खडा मात्र काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

एक सिलिंडर संपला की फडकं परत कोंबा, पुढच्यावर जा.

जोडणी आणि पहिला सेल्फ

हेडचा आणि मॅनिफोल्डचा एकमेकांना टेकणारा पृष्ठभाग साफ करा, मॅनिफोल्डमधलंही ऑईल पुसून घ्या. फडकी मोजा. नवीन पॅकिंग, बोल्ट हाताने लावून मग मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळत जा, मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असेल तर टॉर्क अगदी कमी असतो, अंदाजाने ओढलात की तडकतो. कूलंट काढलं असेल तर योग्य ग्रेडचं भरून हवा काढा.

प्लग लावण्याआधी इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवा, कुठे अडत नाही ना बघा. सुरू केल्यावर थोडा वेळ आयडल वरखाली होईल, सॉल्व्हंट जळाल्याचा पांढरा धूर येईल, घाबरू नका. थ्रॉटल बॉडी काढली होती किंवा साफ केली असेल तर फोक्सवॅगन-स्कोडात स्कॅनरवरून थ्रॉटलचं अ‍ॅडॅप्टेशन करून घ्या, नाहीतर आयडल बिघडलेलाच राहतो आणि उगाच वाटतं की काम फसलं. कोड पुसा. थोडी गाडी चालवून ऑईल आणि फिल्टर बदला, कारण थोडं सॉल्व्हंट रिंगांमधून खाली गेलेलं असतं.

परत साचायचा वेग कमी करायला

पूर्ण थांबवता येत नाही, वेग कमी करता येतो. सगळ्यात मोठा भाग ऑईलचा. कंपनीने सांगितलेलं स्पेसिफिकेशन पाळा, नुसतं ५डब्ल्यू-३० लिहिलंय म्हणून कुठलंही भरू नका. ऑईलच्या डेटाशीटवर नोअ‍ॅक नावाचा आकडा असतो, गरम केल्यावर किती टक्के ऑईल उडून जातं तो. डब्यावर लिहिलेल्या दर्जांपैकी एपीआय एसपी दर्जात तो १५ टक्क्यांपर्यंत चालतो, एसीईए सी३ दर्जात १३ पर्यंत. तुमच्या गाडीला चालणाऱ्या ऑईलांमध्ये हा आकडा जितका कमी तितकी पीसीव्हीतून जाणारी वाफ कमी. ऑईल कमाल खुणेच्या वर कधीही नाही, आणि गाडी शहरातच फिरत असेल तर कंपनी १५ हजार म्हणत असली तरी मी त्याआधीच, साधारण निम्म्यावर बदलतो.

रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणारी गाडी सगळ्यात लवकर घाण होते. इंजिन पूर्ण तापतच नाही, पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑईलमध्ये साठत जाते. जवळच्या कामाला दुचाकी काढा, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडीला अर्धा-पाऊण तास सलग चालू द्या. एसी लावून उभ्या गाडीत अर्धा अर्धा तास बसायची सवय असेल तर ती सोडा.

ऑईल कॅच कॅनबद्दल सगळे विचारतात. पीसीव्हीच्या वाटेत तो ऑईलचे थेंब गाळतो, काम करतो, पण टर्बो इंजिनात पीसीव्हीच्या दोन वाटा असतात, आयडलला थेट मॅनिफोल्डमध्ये आणि बूस्टमध्ये (टर्बो दाब देत असताना) टर्बोच्या आधी. एकाच वाटेवर कॅन बसवला तर अर्धंच काम होतं. तो वेळच्या वेळी रिकामा करावा लागतो, भरून वाहिला तर साठलेलं सगळं ऑईल एकदम आत ओढलं जाऊ शकतं, आणि वॉरंटीतल्या गाडीत क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं. वॉरंटी संपल्यावर, तुमच्या इंजिनसाठी बनवलेला, दोन्ही वाटा धरणारा मिळाला तरच घ्या.